विणलेले आणि रुजलेले

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या एका विद्यार्थिनीने तास संपल्यावर वर्तमानपत्रातील एक कात्रण आमच्यापुढे ठेवले. परदेशातील कोण्या प्रयोगशाळेत मानवी मूत्रपिंड 'छापले' गेल्याचे मथळ्यात म्हटले होते. मुलगी वलवणची. तिचे वडील आठवड्यातून तीन वेळा डायलिसिसला जातात, हे आम्हांस तिच्या गैरहजेरीच्या चिठ्ठ्यांवरून ठाऊक होते. तिने विचारले, "सर, तिकडे छापायला लागलेत, तर आपल्याकडे यायला किती वर्षं लागतील?" प्रश्न साहित्याच्या प्राध्यापकाला विचारण्याजोगा नव्हता. परंतु तिने तो विचारला होता एका क्रियापदाच्या भरवशावर, आणि क्रियापदांचा व्यवहार आमच्या खात्यात येतो. आम्ही कात्रण ठेवून घेतले आणि चार दिवसांची मुदत मागितली. मुदत पुढे बरीच लांबली. त्या वाचनातून आमचे जे मत बनले ते येथे मांडत आहोत.

मत थोडक्यात असे, की जिवंत ऊती प्रयोगशाळेत तयार करण्याच्या शास्त्राविषयी मराठीत लिहिताना आपण जी क्रियापदे वापरतो, म्हणजे छापणे, बनवणे, निर्माण करणे, ती या शास्त्रातील सर्वांत मोठी अडचण नेमकी झाकून टाकतात. ती अडचण म्हणजे रक्तवाहिन्या. आणि जी क्रियापदे ती उघडी करून दाखवू शकतील ती मराठीत मुबलक आहेत. मात्र ती शेतात आणि रोपवाटिकेत राहिली, विज्ञानाच्या पानावर आली नाहीत.

प्रथम अडचण समजून घेऊ. शरीरातील बहुतेक पेशींना प्राणवायू मिळतो तो शेजारून वाहणाऱ्या सूक्ष्म वाहिनीतून झिरपून. हे झिरपणे फार दूरवर पोहोचत नाही. मर्यादा साधारण एकशे ते दोनशे मायक्रोमीटरची, म्हणजे डोक्यावरचे दोन-तीन केस एकमेकांना चिकटवून ठेवले तर होईल तेवढ्या जाडीची. त्यापलीकडची पेशी उपाशी राहते आणि मरते. या सूक्ष्म वाहिन्यांना आपण केशिका किंवा केशवाहिन्या म्हणतो. हे नाव खरे तर केसाचाच मान वाढविणारे आहे, कारण केशिकेचा व्यास पाच ते दहा मायक्रोमीटर, केसाच्या सुमारे दशांश. तांबड्या पेशींना तिच्यातून एकामागून एक, रांगेनेच जावे लागते. तेव्हा पेशींचा एखादा थर काचेच्या बशीत वाढविणे हे आज कुठल्याही बऱ्या प्रयोगशाळेत होते. थरावर थर चढवून त्यांना यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा आकार देणेही यंत्राला जमू लागले आहे. पण या आकाराच्या पोटात वाहिन्यांचे जाळे नसेल, तर कडेची पातळ साल जिवंत आणि आतला सारा गाभा मेलेला, अशी अवस्था थोड्याच काळात येते. कात्रणातील मूत्रपिंड अशाच जातीचे होते. बातमीच्या सातव्या-आठव्या ओळीत तसे सूचितही केले होते. मथळ्यात अर्थातच नव्हते.

आता 'ऊती' या शब्दाकडे पाहू. शाळेच्या विज्ञानात आपण तो शिकतो आणि विसरतो. संस्कृतात 'ऊति' म्हणजे विणणे. इंग्रजी 'टिश्यू' हाही फ्रेंचमधील विणण्याच्या क्रियापदापासून आलेला आहे, आणि आपल्या वर्गांत ज्या 'टेक्स्ट'चा अहोरात्र घोष चालतो तो लॅटिनमधील विणण्यापासून. रोलां बार्थ यांनी १९७३ च्या आपल्या पुस्तकात संहितेला विणलेल्या वस्त्राची उपमा देताना याच व्युत्पत्तीचा आधार घेतला, हे एम.ए.च्या विद्यार्थ्याला सांगावयास नको. म्हणजे मांसाला आणि मजकुराला, दोघांनाही आपण वस्त्र मानून बसलो आहोत. उपमा सुंदर आहे, आणि धागे कसे गुंतले हे ती उत्तम सांगते. मात्र वस्त्राला भूक नसते. विणून झालेले लुगडे घडी घालून कपाटात ठेवले तर वर्षानुवर्षे राहते. ऊती तशी राहत नाही; तिला क्षणोक्षणी पोसावे लागते. विणण्याच्या रूपकात हे पोसणे कोठेही बसत नाही, आणि छापण्याच्या रूपकात तर त्याहूनही नाही, कारण छापलेली गोष्ट शाई वाळली की पुरी होते.

हे सारे दूरदेशीचे आहे असे समजण्याचे कारण नाही. आमच्या लोणावळ्यातच रीग्रो बायोसायन्सेस या कंपनीची पेशी वाढविण्याची प्रयोगशाळा आहे. तेथील दोन उपचारांना केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी २०१७ मध्ये मिळाली. पहिल्यात रुग्णाच्याच सांध्यातील कूर्चेचा लहानसा तुकडा काढून त्यातील पेशी काही आठवडे वाढवितात आणि झिजलेल्या गुडघ्यात परत भरतात. दुसऱ्यात रुग्णाच्या अस्थिमज्जेतून हाड घडविणाऱ्या पेशी वाढवितात, आणि त्या मुख्यतः अशा रुग्णांसाठी, ज्यांच्या मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटून ते हाड मरू लागले आहे. कोविडमधून उठलेल्या काही रुग्णांत २०२१ साली हा विकार आढळला, तेव्हा त्याचे नाव बऱ्याच घरांत पोहोचले. आम्हांस अर्थपूर्ण वाटते ती या दोघींची निवड. वाढविलेल्या ज्या ऊती बाजारात लवकर आल्या त्यांत कूर्चा होती, आणि कूर्चा ही शरीरातील अशी विरळा ऊती आहे जिच्यात रक्तवाहिन्या मुळातच नसतात. सांध्यातील द्रवातून झिरपेल तेवढ्यावर ती गुजराण करते. १९९७ साली उंदराच्या पाठीवर उगवलेल्या मानवी कानासारख्या आकाराचे जे छायाचित्र जगभर फिरले तोही कूर्चेचाच आकार होता. दुसऱ्या उपचाराचा तर आजारच रक्त न पोहोचण्याचा. एका उपचाराने प्रश्न टाळला आणि दुसऱ्याने तो थेट अंगावर घेतला, आणि प्रश्न दोन्हीकडे एकच.

वलवणच्या माणसाला हा प्रश्न समजावून देणे खरे तर सोपे असावे. टाटांनी १९१० मध्ये वीज कंपनी स्थापन केली आणि येथल्या डोंगरमाथ्यावर लोणावळा, वलवण आणि शिरवता असे तलाव बांधले. इंद्रायणीच्या खोऱ्यात पडून भीमा-कृष्णेवाटे बंगालच्या उपसागराला मिळणारे पाणी अडवून ते कालव्याने खंडाळ्याच्या कड्यापर्यंत नेले आणि तेथून नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीला सोडले. १९१५ पासून खोपोलीत वीज तयार होऊ लागली. धरणाच्या भिंतीवर उभे राहिले की तलाव डोळ्यांत भरतो, आणि पाहुणे फोटो काढतात तेही तलावाचेच. पण साठलेल्या पाण्याला अर्थ येतो तो त्या न दिसणाऱ्या कालव्यामुळे आणि नळांमुळे.

मागील टेकड्यांवर मात्र आणखी एक जाळे असते, आणि ते कोणी खोदलेले नसते. जूनचा पहिला पाऊस उतारावरून वाट फुटेल तसा धावतो. शेकडो बारीक रेघा उमटतात. जिच्यातून पाणी अधिक जाते ती रेघ खोल होते, तिचा ओहोळ बनतो. जिच्यातून जात नाही ती ऑगस्टपर्यंत गवताखाली बुजते. गर्भाच्या शरीरात रक्तवाहिन्या अगदी अशाच तयार होतात, हे जर्मन शास्त्रज्ञ रिचर्ड थोमा यांनी कोंबडीच्या अंड्यातील गर्भ पाहून १८९३ मध्ये मांडले. आधी केशिकांची सरसकट जाळी पसरते. मग हृदय धडधडू लागते, प्रवाह सुरू होतो, आणि ज्या वाटेने रक्त अधिक वाहते ती रुंदावून रोहिणी होते. ज्या वाटेने वाहत नाही ती विरून जाते. म्हणजे नकाशा आधी आणि प्रवाह नंतर असा हा क्रम नाही. नकाशा काढणारा प्रवाहच असतो.

या दोन्ही जाळ्यांची, कालव्याची आणि आपोआप फुटणाऱ्या शिरांची, जाण आपल्या परंपरेला होती. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सातशे सिरांचे वर्णन येते. तेथे दिलेली उपमा अशी, की बागेला जशा पाण्याच्या चाऱ्या आणि शेताला जसे पाट, तशा या सिरा शरीराला भिजवितात. आणि त्यांचा विस्तार कसा, तर झाडाच्या पानावरील शिरांसारखा. रक्त शरीरभर फिरून परत येते हे सिद्ध व्हायला हार्वी यांचे १६२८ सालचे पुस्तक यावे लागले, आणि रोहिणीतून नीलेत ते नेमके कोठून जाते हे माल्पिघी यांनी १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात पाहिले. तेव्हा सुश्रुताला सारे आधीच ठाऊक होते असला डांगोरा आम्ही पिटणार नाही. 'धमनी' हा शब्दही फुंकण्याच्या धातूवरून, भात्याच्या कुळातून आला आहे. ग्रीकांनाही रोहिण्यांत वारा असतो असेच वाटे. आमचे म्हणणे एवढेच, की उपमा निवडणाऱ्याने शेत आणि पान निवडले, माग निवडला नाही. आणि गंमत अशी, की २०१७ मध्ये अमेरिकेतील वूस्टर येथील संशोधकांनी पालकाच्या पानातील सर्व पेशी धुऊन काढल्या, मागे उरलेल्या शिरांच्या सांगाड्यातून द्रव खेळविला आणि त्या पानावर मानवी हृदयाच्या पेशी वाढविल्या. पानाच्या शिरा उपमेतून उठून थेट प्रयोगाच्या टेबलावर आल्या.

पण या विषयातला सर्वांत मोलाचा मराठी मुलखातील दाखला पुण्याचा आहे, आणि तो इंग्रजीत नोंदला गेल्यामुळेच आपल्याला माहीत आहे. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एक पत्र छापून आले. इंग्रज सैन्यात बैल हाकणारा कावसजी १७९२ च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला; त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. पुढे सुमारे वर्षभराने पुण्याजवळच्या एका वीट पाडणाऱ्या जातीच्या कारागिराने त्याला नवे नाक बसवून दिले. त्याने नाकाच्या खुंटावर मेणाचा पत्रा बसवून माप घेतले, मेण सपाट करून कपाळावर ठेवले, भोवती रेघ ओढली आणि तेवढी त्वचा सोडवून खाली वळविली. मात्र सगळी सोडविली नाही. दोन डोळ्यांच्या मध्ये एक अरुंद पट्टी तशीच जोडलेली ठेवली. पत्रलेखकाने या पट्टीचे कारणही दिले आहे, की नवा-जुना भाग एकजीव होईपर्यंत रक्ताचे वाहणे तिच्यामुळे टिकते. सुमारे पंचविसाव्या दिवशी, नाक आपल्या नव्या जागी धरल्यावर, कारागिराने ती पट्टी कापली. कारागिराचे नाव पत्रात नाही. ही युक्ती पाहून लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये ती शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. त्यांचे नाव वैद्यकाच्या इतिहासात आहे.

या पंचवीस दिवसांत नेमके काय झाले? कपाळाची त्वचा जुन्या पट्टीतून रक्त घेत जगली, आणि तेवढ्या अवकाशात खालच्या जखमेतून नव्या केशिका तिच्यात शिरल्या. कोकणातील आंबा लावणाऱ्या माणसाला हे सांगितले तर तो म्हणेल, "म्हणजे भेटकलमच की." भेटकलमात कुंडीतले रोप मातृवृक्षाच्या फांदीपाशी नेऊन दोघांची साल तासून त्यांना एकत्र बांधतात. फांदी अजून आईच्या मुळांवर जगत असते. दोन-तीन महिन्यांनी सांधा धरला, कलम लागले, की मगच तिला आईपासून तोडतात. घाई केली तर फांदी वाळते. हे सर्व सांगायला मराठीत शब्द आहेत: कलम बांधणे, डोळा भरणे, खुंट, सांधा धरणे, लागणे, जीव धरणे, रुजणे. ते केवळ रंगतदार नाहीत, काटेकोर आहेत. 'जीव धरला' असे रोपाविषयी म्हणताना माळ्याला अभिप्रेत असते ते हेच, की आता ते आपल्या आपण पाणी ओढू लागले. रक्तवाहिन्यांचे शास्त्र जी गोष्ट अनेक वाक्यांत सांगते ती या दोन शब्दांत आहे.

येथे आमचे एक सहकारी हसतील हे आम्हांस माहीत आहे. ते विचारतील, की शास्त्रज्ञ स्वतःच 'छपाई' म्हणतात, यंत्राला 'प्रिंटर' म्हणतात, मग तुम्ही कोण? आणि 'रुजणे' म्हटले तर वाचकाला वाटेल की सारे आपोआप होते. दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे, आणि त्याला उत्तर द्यायचे तर प्रयोगशाळेत प्रत्यक्ष काय चालते ते पाहावे लागेल.

केवळ रुजण्यावर विसंबून भागत नाही, कारण रुजणे सावकाश होते. नव्या केशिका दिवसाला मिलिमीटरच्या काही दशांशांनीच पुढे सरकतात, आणि जाड ऊतीच्या मध्यभागातील पेशींना तेवढी सवड नसते. म्हणून मोठ्या वाहिन्या खोदाव्या लागतात. २०१२ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील जॉर्डन मिलर आणि सहकाऱ्यांनी यासाठी जी युक्ती योजली ती लोणावळ्याच्या चिक्कीवाल्यांना पटकन कळावी. त्यांनी साखरेच्या कडक पाकाची बारीक जाळी यंत्राने ओढली, तिच्याभोवती पेशी मिसळलेला मऊ जेल ओतला, आणि जेल धरल्यावर साखर विरघळवून टाकली. साखर होती तेथे पोकळ वाटा उरल्या, आणि त्या वाटांना आतून रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी लावता आल्या. हार्वर्डमध्ये जेनिफर लुईस यांच्या प्रयोगशाळेत साखरेऐवजी थंड केल्यावर पातळ होऊन निघून जाणारी 'शाई' वापरली गेली. येथे छापले जाते ते काय, हे ध्यानात घ्यावे. छापली जाते ती पोकळी. अवयव छापण्याच्या बातम्यांमधील अत्यंत महत्त्वाची छपाई ही अशी पुसून टाकण्यासाठी केलेली छपाई आहे, आणि तिचे वर्णन करायला 'छापले' हे क्रियापद अगदीच तोकडे पडते.

पण या खोदलेल्या वाटा झाल्या कालव्यांसारख्या. कालव्यापासून प्रत्येक पेशीपर्यंतचा शेवटचा दोनशे मायक्रोमीटरचा पल्ला कोणत्याही यंत्राला आजवर नीट खोदता आलेला नाही. तेथे अस्तराच्या पेशींना जागा, मऊपणा आणि बोलावणे द्यावे लागते. उपाशी पेशी स्वतःच एक प्रथिन सोडते आणि त्याच्या ओढीने जवळच्या वाहिनीला कोंब फुटतो. हे बोलावणे अर्बुदालाही करता येते. गाठ एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढायची तर तिला नव्या वाहिन्या ओढून घ्याव्याच लागतात, हे ज्यूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडले आणि बरीच वर्षे थट्टा सोसली. मग प्रवाह सुरू करावा लागतो, कारण प्रवाहावाचून कोंब विरून जातात. म्हणजे शास्त्रज्ञ अर्धा पाटबंधारे खात्याचा अभियंता आणि अर्धा माळी. पहिल्या अर्ध्यासाठी 'छापणे', 'खोदणे' हे शब्द चालतील. दुसऱ्यासाठी 'रुजविणे' याहून नेमका शब्द आम्हांस सापडलेला नाही, आणि सहकाऱ्यांनी सुचविला तर आम्ही तो आनंदाने स्वीकारू.

या दुसऱ्या अर्ध्याला किती वेळ लागतो याचा एक अंदाज नासाच्या स्पर्धेवरून येतो. २०१६ मध्ये नासाने आव्हान जाहीर केले. किमान एक सेंटीमीटर जाडीची, रक्तवाहिन्यांसह वाढविलेली मानवी ऊती प्रयोगशाळेत तीस दिवस जगवून दाखवायची होती, आणि त्या काळात तिच्यातील मुख्य पेशींपैकी निदान पंच्याऐंशी टक्के जिवंत राहायला हव्या होत्या. विजेते जाहीर झाले २०२१ मध्ये: नॉर्थ कॅरोलिनातील वेक फॉरेस्ट संस्थेचे दोन चमू, यकृताच्या ऊतीसह. एक सेंटीमीटर आणि तीस दिवस. २०२५ च्या जूनमध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी मूळपेशींपासून वाढविलेल्या हृदयाच्या आणि यकृताच्या इवल्याशा ऊतीगोळ्यांत केशिका आपोआप फुटविल्याचे प्रसिद्ध केले. त्यांचा आकार मिलिमीटरांत आहे. आम्ही हे कुत्सितपणे सांगत नाही. जो माणूस पाट खणतो त्याला हातभर पाणी पुढे सरकल्याचा आनंद कळतो. मात्र या पल्ल्यापुढे मूत्रपिंड ठेवून पाहावे. एकेका मूत्रपिंडात सुमारे दहा लाख गाळण्या असतात, आणि प्रत्येक गाळणी म्हणजे केशिकांचाच एक गुच्छ. हृदयातून निघालेल्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा या दोन अवयवांतून जातो. यकृतात किंवा स्नायूत वाहिन्या पोषणासाठी असतात असे म्हणता येईल. मूत्रपिंडात मात्र वाहिन्या हेच काम आहे. मार्च २०२४ मध्ये बॉस्टनमध्ये जिवंत रुग्णाला जनुके बदललेल्या डुकराचे मूत्रपिंड बसविण्यात आले, ते या कारणानेच समजते: ते गर्भात वाढलेले होते, आपल्या साऱ्या वाहिन्या घेऊन आलेले.

पहिला आक्षेप असा, की शब्दांवरून एवढे रान कशाला उठवायचे. त्याला आमच्याकडे एकच उत्तर आहे, आणि ते स्टॉकहोमचे आहे. पाओलो माक्कियारिनी या शल्यविशारदाने २०११ पासून करोलिन्स्का येथे तीन रुग्णांना प्लॅस्टिकच्या श्वासनलिका बसविल्या. त्या नळ्यांवर रुग्णांच्या मूळपेशी पेरल्या होत्या, आणि त्यांपासून जिवंत श्वासनलिका तयार होईल असे सांगितले जात होते. जगभरच्या पत्रांनी नव्या युगाचे स्वागत केले. 'पेरल्या' हे क्रियापद येथे होते, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो. चांगला शब्दही खोट्या कामाला लावता येतो. पण माळ्याचा शब्द वापरला तर माळ्याचा प्रश्नही विचारायला हवा होता: जमीन कोठे आहे, पाणी कोठून येणार? प्लॅस्टिकच्या नळीला रक्त पोहोचविणारे काहीच नव्हते. तिन्ही रुग्ण दगावले. जून २०२३ मध्ये स्वीडनच्या अपील न्यायालयाने त्याला दोषी ठरवून अडीच वर्षांची शिक्षा दिली. हा प्रश्न विचारायला शरीरशास्त्राची पदवी लागत नव्हती. एका रूपकाचे पुढचे वाक्य काय, एवढे विचारण्याची सवय पुरे होती, आणि ती सवय लावणे हा आमचा आणि आमच्या वाचकांचा व्यवसाय आहे. वर्गात आपण कवितेतील प्रतिमेला हा प्रश्न रोज विचारतो. बातमीतील प्रतिमेला विचारत नाही, कारण बातमी आपल्या अभ्यासक्रमात नाही.

परिभाषेचाही एक मुद्दा आहे, तो लवकर आटोपतो. 'ऊती अभियांत्रिकी' हा शब्द आता रूढ होत आहे आणि त्याला आमचा विरोध नाही. पण ऊतीत वाहिन्या उत्पन्न होण्याच्या क्रियेला 'वाहिनीकरण', 'संवहनीकरण' अशी जी भारदस्त नावे योजली जातात त्यांनी वाचकाच्या मनात काहीच उभे राहत नाही. ज्या भाषेत टिश्यू कल्चरची केळी हा शब्दप्रयोग जळगावपासून इंदापूरपर्यंतच्या शेतकऱ्याच्या तोंडी आहे, तिला 'ऊती रक्ताला लागली', 'ऊतीने रक्त धरले' असे म्हणायची लाज वाटू नये. केळीचे रोप प्रयोगशाळेतून आल्यावर हरितगृहात काही आठवडे का ठेवतात, हे त्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही.

आमच्या विद्यार्थिनीला दिलेले उत्तर अखेर लांबलचक झाले. मूत्रपिंड इतक्यात होणार नाही, हे आम्ही तिला सांगितले. वर्षांचा आकडा दिला नाही, कारण तसा कोणी देत असेल तर तो विश्वासार्ह नव्हे. वडिलांचे नाव अवयवाच्या प्रतीक्षायादीत आहे का, हे विचारले, होते. एक गोष्ट मात्र सांगता आली. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मानवी पेशींपासून वाढविलेल्या एका रक्तवाहिनीला परवानगी दिली, हातापायांच्या गंभीर जखमांत वापरण्यासाठी. पेशींनी नळी विणली की त्या पेशी धुऊन टाकतात, आणि ती नळी रुग्णाच्या शरीरात बसविली की त्याच्या स्वतःच्या पेशी तिच्यात हळूहळू वस्तीला येतात. डायलिसिसच्या रुग्णांतही तिच्या चाचण्या झाल्या आहेत. म्हणजे अवयव अजून दूर आहे. वाहिनी आली आहे.

हे ऐकून ती म्हणाली, की बाबांच्या हाताला तशी एक आहेच. डायलिसिससाठी डाव्या मनगटापाशी रोहिणी आणि शीर जोडून जो फिस्टुला करतात त्याविषयी ती बोलत होती. जोडल्यावर शिरेतून एकदम जोराचा प्रवाह जाऊ लागतो आणि काही आठवड्यांत ती बोटाएवढी जाड होते. थोमांनी अंड्यात पाहिले तेच, पन्नाशीच्या माणसाच्या मनगटात. रोज सकाळी तिच्यावर हात ठेवून ती थरथरते आहे ना, हे पाहायला रुग्णालयात सांगितले आहे. वडिलांना आताशा बोटांनी नीट कळत नाही, तेव्हा ते काम तिच्याकडे आहे. कॉलेजला निघण्यापूर्वी ती पाहते आणि मग बस धरते.